टंचाईची बातमी कधी पोहोचते? मर्यादित साधनांतल्या वाढीचं गणित

बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं एक निर्जन बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ३३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा भरते तिच्या साधारण निम्मं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तिथे एक रेडिओ केंद्र उभारलं. रसद तुटलीच तर तिथल्या माणसांना खायला काहीतरी असावं म्हणून बेटावर २९ रेनडिअर सोडले, २४ माद्या आणि ५ नर. युद्ध संपलं, केंद्र बंद झालं, माणसं गेली आणि रेनडिअर मागे राहिले. त्यांची शिकार करणारे लांडगे तिथे नव्हते. जमिनीवर दगडफुलाचा जाड थर होता. आपल्या गोडा मसाल्यात पडतं त्याच जातकुळीतलं हे दगडफूल, म्हणजे शैवाक, रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य अन्न असतं.

डेव्हिड क्लाइन या जीवशास्त्रज्ञाने १९५७ साली तिथे मोजणी केली तेव्हा १,३५० रेनडिअर होते. १९६३ साली ते ६,००० झाले. १९६६ साली क्लाइन पुन्हा गेले तेव्हा जिवंत होते ४२. त्यांतल्या ४१ माद्या, आणि जो एकुलता एक नर होता त्याच्याकडून प्रजननाची आशा नव्हती. १९८०च्या दशकापर्यंत तो कळप नामशेष झाला.

‘फार झाले, खाणं संपलं, मेले’ एवढं म्हणून ही गोष्ट संपवता येते, आणि ते खोटंही नाही. पण त्यातून कळत काहीच नाही. कारण मर्यादा सगळ्यांनाच असते, शेवट मात्र सगळ्यांचा असा होत नाही. काचेच्या नळीतले एकपेशीय जीव वाढतात, हळू होतात आणि एका संख्येवर शांतपणे स्थिरावतात. पिंजऱ्यातल्या माश्या वर-खाली, वर-खाली होत राहतात. रेनडिअर मात्र कड्यावरून कोसळावेत तसे कोसळले. जागा मर्यादित, अन्न मर्यादित, तरी तीन वेगळे शेवट का? लोकसंख्येच्या गणिताचा गाभा मला या प्रश्नात दिसतो, आणि त्याचं उत्तर बरंचसं एका गोष्टीवर अवलंबून आहे: टंचाईची बातमी जन्म-मृत्यूंपर्यंत किती लवकर पोहोचते.

आधी बिनमर्यादेची वाढ पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एखाद्या जिवाची संख्या दर वर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढत असेल, तर ती चक्रवाढ व्याजाने वाढते. नव्याने जन्मलेलेही पुढे पिल्लं घालतात, व्याजावर व्याज चढतं. सेंट मॅथ्यूवर २९ चे १,३५० व्हायला १३ वर्षं लागली. हिशेब केला तर हा वेग वर्षाला सुमारे ३४ टक्के पडतो, म्हणजे दर सव्वादोन-अडीच वर्षांनी दुप्पट. दुपटीचा काळ काढायची सोपी युक्ती म्हणजे ७० ला टक्केवारीने भागायचं. टक्केवारी लहान असेल तर उत्तर बरोबर येतं. भारताची लोकसंख्या १९६०च्या दशकात वर्षाला साधारण २.२ टक्क्यांनी वाढत होती. ७० भागिले २.२ म्हणजे जवळपास ३२ वर्षं. आणि खरोखरच १९६१ चे ४४ कोटी १९९१ पर्यंत साडेचौऱ्याऐंशी कोटींच्या वर गेले होते.

चक्रवाढीचा हा धाक लोकांच्या मनात बसवला थॉमस माल्थस यांनी, १७९८ साली. त्यांचं म्हणणं असं: लोकसंख्या भूमितीय श्रेणीने वाढते, म्हणजे १, २, ४, ८, १६. अन्न मात्र अंकगणितीय श्रेणीने, १, २, ३, ४, ५. उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये लोकसंख्या २५ वर्षांत दुप्पट होत असल्याचं उदाहरण त्यांनी दिलं. दोन रेषांतलं अंतर वाढत जाणार आणि ते भरून काढायला भूक, रोगराई, युद्ध येणार, हा त्यांचा निष्कर्ष. पण माल्थस यांनी संख्या वाढता वाढता वेग नेमका कसा मंदावतो, हे सांगणारं सूत्र दिलं नाही. एक रेषा दुसरीला कुठेतरी आदळते, एवढंच चित्र होतं.

ते सूत्र दिलं बेल्जियमच्या पिएर-फ्रांस्वा फेरहुल्स्ट यांनी. ब्रसेल्समध्ये १८०४ साली जन्मलेला हा गणितज्ञ. त्याचे गुरू अडॉल्फ केतले यांना समाजाच्या आकडेवारीचा ध्यास होता. फेरहुल्स्ट यांनी १८३८ साली एक छोटी टिपणी प्रसिद्ध केली आणि १८४५ साली सविस्तर निबंध. कल्पना साधी होती: वाढीचा वेग उरलेल्या जागेच्या प्रमाणात कमी होत जातो. शब्दांत लिहायचं तर असं:

वर्षभरातली वाढ = वाढीचा दर × सध्याची संख्या × (१ − सध्याची संख्या ÷ धारणक्षमता)

धारणक्षमता म्हणजे त्या जागेला कायमस्वरूपी पोसता येईल एवढी संख्या. कंसातला आकडा सांगतो की किती टक्के जागा अजून रिकामी आहे. सुरुवातीला संख्या नगण्य असते, कंस जवळजवळ १ असतो आणि वाढ चक्रवाढीसारखीच होते. संख्या धारणक्षमतेला टेकली की कंस शून्य होतो आणि वाढ थांबते. संख्या त्याच्याही वर गेली तर कंस उणे होतो आणि घट सुरू होते.

आकडे घालून पाहिल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही. धारणक्षमता १,००० धरू आणि वाढीचा दर ०.४, म्हणजे मोकळं रान मिळालं तर वर्षाला ४० टक्के. संख्या १० असताना वाढ जेमतेम ४. संख्या १०० झाली की ३६. आता ५०० वर या: ०.४ × ५०० × ०.५, म्हणजे १००. आणि ९०० वर? ०.४ × ९०० × ०.१, पुन्हा ३६. ९९० वर पुन्हा जेमतेम ४. थोडेच जीव असतात तेव्हा पिल्लं घालणारेच कमी. खूप जीव असतात तेव्हा जागाच कमी. सर्वांत जास्त भर पडते ती बरोबर निम्म्यावर. हा निम्म्याचा मुद्दा लक्षात असू द्या, मासेमारीकडे वळलो की तो लागणार आहे. या वाढीचा आलेख काढला तर आधी सावकाश, मग झपाट्याने चढणारी आणि शेवटी सपाट होणारी वळणदार रेघ मिळते. तिला लॉजिस्टिक वक्र म्हणतात.

हा वक्र निव्वळ कागदावरचा नाही. मॉस्कोच्या जॉर्जी गाऊझ यांनी १९३०च्या दशकात पॅरामेशियम हे एकपेशीय जीव नळ्यांमध्ये वाढवले, त्यांना ठरावीक प्रमाणात अन्न दिलं आणि रोज मोजले. संख्या जवळपास याच रेघेवरून चढली आणि सपाट झाली. यीस्टचंही तसंच होतं, फक्त तिथे साखर संपायच्या आधी त्यांनीच तयार केलेलं अल्कोहोल त्यांना थांबवतं. मर्यादा नेहमी अन्नाचीच असते असं नाही. स्वतःच केलेली घाणही मर्यादा असते.

आता या सूत्राने गुपचूप काय काय गृहीत धरलं आहे ते पाहू. कारण सूत्र चुकतं ते तिथेच.

पहिलं गृहीतक वेळेचं. कंसातली संख्या आत्ताची आहे आणि वाढही आत्ताचीच. म्हणजे एका जिवाची भर पडली की त्याच क्षणी सगळ्यांचा जन्मदर तेवढ्याने खाली येतो. टंचाईची बातमी मध्ये कुठेही अडत नाही. काही तासांत दुभंगणाऱ्या एकपेशीय जिवांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे. अन्न कमी पडलं की पुढचं विभाजन लांबतं, बातमी लगेच पोहोचते. म्हणून गाऊझ यांच्या नळ्यांत रेघ एवढी सुंदर आली.

ऑस्ट्रेलियात ए. जे. निकल्सन यांनी १९५०च्या दशकात मेंढ्यांना पिडणाऱ्या माशीवर प्रयोग केले. त्यांतल्या एका प्रयोगात अळ्यांना हवं तेवढं खाऊ दिलं, पण प्रौढ माश्यांना रोज मोजून-मापून यकृताचा लगदा दिला. माशीला अंडी घालायला प्रथिनं लागतात. माश्या फार झाल्या की प्रत्येकीच्या वाट्याला इतकं कमी येई की कुणीच अंडी घालू शकत नसे. पण तोवर जी अंडी घातली गेलेली असत, त्यांच्या माश्या होऊन बाहेर यायला आणखी पंधरा दिवस लागत. म्हणजे टंचाई सुरू झाल्यावरही पंधरा दिवस नव्या माश्या येतच राहत. मग एकदम घसरण. माश्या थोड्या उरल्या की उरलेल्यांना भरपूर खायला मिळे, अंडी धडाधड पडत, आणि पुन्हा पंधरा दिवसांनी पूर. दोन वर्षांच्या आसपास चाललेल्या या निरीक्षणांत माश्यांची संख्या काही शेकड्यांपासून हजारोंपर्यंत झोके घेत राहिली, साधारण पाच-सहा आठवड्यांचा एक झोका. अन्नाचा पुरवठा मात्र रोज अगदी सारखाच होता. मला या प्रयोगाचं सर्वांत मोल वाटतं ते इथे. निसर्गात एखाद्या प्राण्याची संख्या खूप खाली-वर होताना दिसली की आपण पाऊस, थंडी, साथ असं बाहेरचं कारण शोधतो. निकल्सन यांच्या पिंजऱ्यात बाहेरचं काहीच बदलत नव्हतं. झोका आतूनच येत होता, उशिरातून.

किती उशीर झाला की काय होतं, याचाही हिशेब आहे. जी. ई. हचिन्सन यांनी १९४८ साली फेरहुल्स्ट यांच्या समीकरणात उशीर घातला: कंसात आत्ताची संख्या घालायच्या ऐवजी काही काळापूर्वीची घालायची. मग सगळं एका गुणाकारावर ठरतं, वाढीचा दर गुणिले उशीर. हा गुणाकार ०.३७ पेक्षा कमी असेल तर संख्या शांतपणे वर जाऊन थांबते. ०.३७ ते १.५७ च्या मध्ये असेल तर ती धारणक्षमता ओलांडते, खाली येते, पुन्हा थोडी ओलांडते आणि हळूहळू स्थिरावते. १.५७ च्या वर गेला तर झोके कधीच थांबत नाहीत. आपलं मघाचं ०.४ घ्या. उशीर सहा महिन्यांचा असेल तर गुणाकार ०.२, काळजी नाही. दोन वर्षांचा असेल तर ०.८, संख्या मर्यादा ओलांडून परत येईल. पाच वर्षांचा असेल तर २, आणि त्या जिवाला स्थैर्य माहीतच नसेल. धारणक्षमता तीच, दर तोच, बदलला तो फक्त उशीर. यातून हेही कळतं की भराभर वाढणाऱ्या जिवाला थोडासा उशीरही महागात पडतो, आणि सावकाश वाढणाऱ्याला बराच उशीर चालून जातो.

पिढ्या एकमेकींत न मिसळणारे कीटक घेतले तर याहून विलक्षण गोष्ट दिसते. वर्षातून एकदाच अंडी घालून मरून जाणारे हे कीटक. त्यांच्यासाठी हिशेब सलग काळाचा नाही, पिढीमागून पिढीचा करावा लागतो. रॉबर्ट मे यांनी १९७६ साली नेचर या नियतकालिकात अशाच एका सोप्या नियमाकडे लक्ष वेधलं: पुढची पिढी = गुणक × आत्ताची पिढी × (१ − आत्ताची पिढी). इथे संख्या जास्तीत जास्त शक्य असलेल्या संख्येचा भाग म्हणून मोजायची, शून्य ते एकच्या मध्ये. शाळकरी मुलालाही कॅल्क्युलेटरवर करता येईल असं हे गणित. गुणक २.८ असेल तर कुठूनही सुरुवात करा, संख्या ०.६४ च्या आसपास येऊन थांबते. गुणक ३.२ केला तर ती एक वर्ष ०.५१, पुढचं वर्ष ०.८०, पुन्हा ०.५१ अशी आलटून-पालटून येते. ३.५ ला चार वर्षांचं चक्र होतं. ३.५७ च्या पुढे गेलं की बहुतेक ठिकाणी कसलंही चक्र सापडत नाही.

गुणक ४ ठेवून हे स्वतः करून पाहा, वाचण्यापेक्षा करण्यात जास्त मजा आहे. ०.३ पासून सुरुवात केली तर दहाव्या पिढीत संख्या ०.०४ येते, म्हणजे जवळपास सफाया. ०.३०१ पासून सुरुवात केली तर दहाव्या पिढीत येते ०.६२. सुरुवातीला फरक होता हजारात एकाचा. रानात जाऊन कीटक मोजणाऱ्या कुणालाही एवढी अचूक मोजणी जमणार नाही. म्हणजे नियम पूर्ण माहीत, त्यात नशिबाचा भाग अजिबात नाही, तरीही दहा पिढ्यांनंतरचं सांगता येत नाही. लोकसंख्येच्या या सूत्राने गणिताच्या एका मोठ्या शाखेला, केऑस सिद्धांताला, चालना दिली. पिढीचा हिशेब वर्षातून एकदाच होतो, म्हणजे बातमीही वर्षातून एकदाच पोहोचते. आणि मधल्या काळात संख्या कितीतरी पुढे निघून गेलेली असते.

आता पुन्हा रेनडिअरकडे, कारण फेरहुल्स्ट यांच्या सूत्रातलं दुसरं गृहीतक तिथे मोडलं. सूत्रात धारणक्षमता हा पक्का आकडा आहे. गाऊझ यांच्या नळीत तो पक्का होताच, कारण अन्न बाहेरून येत होतं. जिवांनी कितीही खाल्लं तरी उद्याचा वाटा तेवढाच. दगडफुलाचं तसं नसतं. ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं आणि एकदा खुडलं, तुडवलं की पूर्ववत व्हायला दशकं लागतात. बेटावरचा जाड थर म्हणजे वर्षानुवर्षं साठलेली पुंजी होती. रेनडिअर तिच्या वार्षिक वाढीवर जगत नव्हते, मूळ साठाच खात होते. साठा आहे तोवर पोट भरतं, म्हणून जन्मदराला टंचाईची खबर लागत नाही. आणि पुंजी खाल्ल्यामुळे धारणक्षमता खाली खाली येत राहते.

क्लाइन यांच्या नोंदी बारकाईने पाहिल्या तर हे दिसतं. १९५७ ते १९६३ या काळात कळप १,३५० वरून ६,००० वर गेला, म्हणजे वर्षाला सुमारे २८ टक्के वाढ. आधीची ३४ टक्के होती. कळप चौपटीहून मोठा झाला आणि वेग जेमतेम सहा टक्के-बिंदूंनी उतरला. पण याच काळात प्रौढ रेनडिअरचं सरासरी वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटलं होतं. १०० माद्यांमागे पाडसं ७५ होती ती ६० वर आली. वर्षभराचं वय गाठणारी पिल्लं ४५ होती ती २६ वर आली. बातमी शरीरापर्यंत पोहोचली होती, संख्येपर्यंत नव्हती. मग १९६३-६४चा कडक हिवाळा आला, बर्फ दाट पडलं, आणि जे दगडफूल उरलंच नव्हतं ते बर्फाखाली शोधायची वेळ आली.

सूत्राच्या भाषेत हे किती भयंकर आहे ते पाहा. समजा धारणक्षमता १,००० होती, आणि ९०० जनावरांनी रान असं खरवडलं की ती ३०० वर आली. कंस होतो १ उणे ३, म्हणजे उणे २. वाढ होते ०.४ × ९०० × (−२), म्हणजे एका वर्षात ७२० ची घट. काल याच ९०० जनावरांची संख्या वर्षाला ३६ ने वाढत होती. अशा ठिकाणी एका समीकरणाने भागत नाही. दुसरं समीकरण रानाचं लिहावं लागतं: दगडफूल किती वाढतं, किती खाल्लं जातं. भक्ष्य आणि भक्षक यांचं असं जोडसमीकरण आल्फ्रेड लोटका आणि व्हितो व्होल्टेरा यांनी १९२०च्या दशकात वेगवेगळं मांडलं. व्होल्टेरा यांना ते सुचलं एड्रियाटिक समुद्रातल्या मासळी बाजारांच्या आकड्यांवरून. पहिल्या महायुद्धात मासेमारी मंदावली, तेव्हा जाळ्यात शार्कसारख्या भक्षक माशांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्यांचे जावई उंबेर्तो डांकोना यांनी हे आकडे जमवून ‘असं का?’ विचारलं होतं.

मासेमारीत हे गणित रोज वापरलं जातं, आणि तिथे त्याच्या चुकांची किंमत माणसं मोजतात. निम्म्यावर सर्वांत जास्त भर पडते, हे आठवा. म्हणजे १,००० धारणक्षमतेच्या समुद्रात ५०० मासे राखले तर दर वर्षी १०० काढता येतील आणि साठा तसाच राहील. याला कमाल शाश्वत उत्पादन म्हणतात. एम. बी. शेफर यांनी १९५४ साली हा विचार मत्स्यशास्त्रात पक्का केला आणि पुढे अनेक देशांनी मासेमारीच्या मर्यादा त्यावरून ठरवल्या.

पण दर वर्षी १०० काढायचेच असं ठरवून बसलो, आणि एखाद्या वाईट वर्षी साठा ४५० वर आला तर? वाढ होते ९९, काढले १००. ४०० वर आला तर वाढ ९६. ३०० वर ८४. २०० वर ६४. दर वर्षी खड्डा खोल होत जातो आणि तो थांबवणारं सूत्रात काही नाही. त्याऐवजी ‘असलेल्या साठ्याचा पाचवा हिस्सा काढू’ असं ठरवलं तर ४५० वर ९० निघतात, भर ९९ ची पडते आणि साठा सावरतो. चांगल्या वर्षी दोन्ही नियमांनी मिळतात तेवढेच, १००. मात्र एक नियम टंचाईची बातमी ऐकतो आणि दुसरा ऐकत नाही. शिवाय संख्या फारच कमी झाली की जोडीदार सापडणं, थव्याने राहून बचाव करणं अवघड होतं. तिथे सूत्र म्हणतं त्याच्या उलट घडून वाढ आणखी मंदावते. वॉर्डर अॅली यांनी दाखवलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कॅनडाच्या न्यूफाउंडलँडजवळच्या कॉड माशाचं असंच झालं. जुलै १९९२ मध्ये सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. तिथे बातमीला उशीर झाला तो माणसांच्या कौशल्यामुळे. साठा घटत होता, पण उरलेले मासे दाट थव्यांनी राहत आणि बोटींकडे ते थवे शोधायची चांगली यंत्रं आलेली. त्यामुळे प्रत्येक बोटीला मासळी मिळतच राहिली. ‘बोटीमागे किती मिळाले’ यावरून साठा जोखणाऱ्यांना समुद्र भरलेला वाटला. बंदी उठायला २०२४ साल उजाडलं, तीही अगदी थोड्या कोट्यावर.

कोकणच्या बंदरांवर हे कुणाला नवं वाटणार नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण पावसाळ्याच्या सुमारास अनेक जाती अंडी घालतात. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. सूत्रात हा नियम ‘वाढीच्या दरा’वर काम करतो. एकदाही अंडी न घालता जाळ्यात आलेलं पापलेट केवळ एका माशाने साठा कमी करत नाही, त्याच्या सगळ्या पुढच्या पिढ्यांची चक्रवाढ थांबवतं. बंदीचे दोन महिने पाळणारा मच्छीमार समुद्राच्या वाट्याचं पाळतोच, पण लहान आसाचं जाळं आणि मासे ओढून घेणारे रात्रीचे एलईडी दिवे तेवढ्याच कसोशीने थांबले नाहीत तर त्याचा उपास फुकट जातो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पारंपरिक मच्छीमार हेच वर्षानुवर्षं ओरडून सांगताहेत आणि गणित त्यांच्या बाजूने आहे.

राहिली माणसं. फेरहुल्स्ट यांनी सूत्र मांडलं ते माणसांसाठीच. बेल्जियमची लोकसंख्या कुठे थांबेल? १८४५ साली त्यांचं उत्तर होतं ६६ लाख. दोन वर्षांनी त्यांनीच समीकरण थोडं बदललं आणि उत्तर आलं ९४ लाख. आज बेल्जियममध्ये १ कोटी १५ लाखांहून जास्त लोक राहतात. फेरहुल्स्ट १८४९ साली वारले आणि त्यांचं काम पुढे जवळपास विसरलं गेलं. १९२० साली अमेरिकेत रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी तोच वक्र स्वतंत्रपणे पुन्हा शोधला. १७९० ते १९१० च्या जनगणनांवर तो इतका चपखल बसला की त्यांनी अमेरिकेची कमाल मर्यादा सांगितली: सुमारे १९ कोटी ७३ लाख. १९३० ची जनगणना या वक्राच्या अगदी जवळ आली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने २० कोटी ओलांडले आणि आज ती ३३ कोटींच्याही पुढे आहे.

चूक आकडेमोडीत नव्हती. वक्राच्या सुरुवातीच्या भागावरून त्याचं टोक ओळखणं मुळातच धोक्याचं, कारण तिथे धारणक्षमतेचा परिणाम अजून दिसतच नसतो. आणि माणूस स्वतःची धारणक्षमता हलवतो. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली दाखवली, कार्ल बॉश यांनी १९१३ साली ती कारखान्यात चालवली, आणि पुढे रासायनिक खतांनी शेतीचे सगळे जुने हिशेब बदलले. अर्थात रेनडिअरसारखी पुंजी खाणं माणसालाही चुकलेलं नाही. भूजल उपसून घेतलेलं पीक हे त्यातलंच.

तरी माणसांच्या बाबतीत सूत्राचा मूळ तर्कच लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. फेरहुल्स्ट यांच्या कंसात वेग कमी होतो तो टंचाईने. भारतात काय झालं? १९५०-६०च्या दशकांत एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा २.० आहे, महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३. लोकसंख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहायला साधारण २.१ लागतो. या काळात माणशी अन्न घटलं नाही. उलट बालमृत्यू कमी झाले, मुली शाळेत गेल्या, गर्भनिरोधनाची साधनं हाताशी आली, आणि जन्मदर उतरला. वेग मंदावला तो पोट भरल्यावर. आलेख लॉजिस्टिकसारखा दिसेलही, पण त्यामागचं कारण अगदी उलट आहे, आणि कारण चुकलं की धोरण चुकतं.

ही चूक आपल्याकडे एकदा फार महागात पडली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडवणारं कॉलेज इंग्लंडात हेलीबरीला होतं, आणि माल्थस तिथे १८०५ पासून मरेपर्यंत शिकवत होते. दुष्काळ म्हणजे जादा लोकसंख्येवरचा निसर्गाचा इलाज, हा विचार प्रशासनात मुरला. १८७६-७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने मदतकामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला सुमारे ४५० ग्रॅम धान्याच्या मापावर आणली. मुंबई इलाख्यात लोकांनी त्याविरुद्ध कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. त्याच वर्षांत हिंदुस्थानातून गहू परदेशी जात होता. जमिनीची धारणक्षमता संपली नव्हती. धान्य होतं, ते विकत घ्यायची ऐपत उपाशी माणसाकडे नव्हती. सूत्रातली ‘संख्या’ सगळे जीव सारखे धरते, कोण किती खातो हे विचारत नाही.

आज संयुक्त राष्ट्रसंघाचे लोकसंख्याशास्त्रज्ञ भाकीत करतात ते वेगळ्या रीतीने. प्रत्येक देशातल्या प्रत्येक वयोगटात किती स्त्रिया आहेत, त्यांना किती मुलं होतील, कोणत्या वयात किती माणसं मरतील, किती येतील-जातील, असं वर्षागणिक पुढे नेत जायचं. त्यांच्या २०२४च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८०च्या दशकाच्या मध्याला सुमारे १,०३० कोटींवर पोहोचून उतरायला लागेल, आणि भारताची २०६०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १७० कोटींवरून. या सगळ्या आकडेमोडीत धारणक्षमतेचा आकडा कुठेही घातलेला नाही.